सांपडण्याची विद्या

ऋग्वेदाचीं १०२८ सूक्तें आपल्या पूर्वजांनीं नुसतीं मुखोद्गत करून ठेविलीं नाहींत. तीं हवीं तेव्हां हुडकतां यावींत म्हणून त्यांच्या अनुक्रमणीही रचून ठेविल्या. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणींत प्रत्येक सूक्ताचें प्रतीक म्हणजे आरंभींचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषि, देवता आणि छंद इतकें सूत्ररूपानें नोंदलेलें आहे. संग्रह जसजसा वाढतो तसतशी सूचीची किंमत वाढते, हें त्या काळींही जाणत्यांस कळलेलें होतें. आज आंतरजालावर अब्जावधि पानें आहेत, आणि त्यांची सूची ठेवणारीं गूगलसारखीं शोधयंत्रें आहेत. ज्या पानाची नोंद त्या सूचींत नीट झाली नाहीं, तें असून नसल्यासारखेंच. ही नोंद नीट व्हावी म्हणून जें करावें लागतें त्यास 'सर्च एंजिन ऑप्टिमायझेशन' असें लांबलचक नांव आहे. व्यवहारांत त्यास 'एसईओ' म्हणतात. नांव भारदस्त असलें तरी त्याचीं मूलतत्त्वें सुबोध आहेत, आणि तीं ठाऊक नसलीं तर घरच्या पैशास वाट फुटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची सूनबाई दोन वर्षांपासून थालीपिठाची, चकलीची व उपासाची भाजणी, मेतकूट, असे पदार्थ घरीं करून विकते. नातवानें तिला संकेतस्थळ तयार करून दिलें. ओळखीचीं गिऱ्हाइकें येत. अनोळखी माणूस मात्र फिरकत नसे. अशांत एका व्यावसायिक मंडळीकडून फोन आला कीं, दरमहा आठ हजार रुपये द्या, तीन महिन्यांत तुमचें स्थळ पहिल्या क्रमांकावर आणून दाखवितों, हमी आमची! आठ हजार म्हणजे तिच्या महिन्याच्या नफ्याचा बहुतेक भाग. "मामंजी, द्यावेत का पैसे?" असें तिनें मला विचारलें. तिला उत्तर देण्यापूर्वीं मीं या विषयांतील माहिती मिळवून वाचली व नातवाकडून पडताळून घेतली. तिचें सार असें:

शोधयंत्राचें काम तीन पायऱ्यांचें आहे. पहिली हिंडण्याची. यंत्राचे दूत एका पानावरून दुसऱ्या पानावर जातात, आणि दुवा, ज्यास आपण सर्रास लिंक म्हणतों, हाच त्यांचा रस्ता. ज्या पानाकडे कोठूनही दुवा नाहीं, तें आडरानांतल्या घरासारखें. तेथें टपालवाला पोंचणें कठिण. यासाठीं स्थळावरील सर्व पानांची यादी, म्हणजे साइटमॅप, यंत्राच्या हवालीं करतां येते. ही रीत गूगलनें २००५ सालीं काढली व २००६ सालीं याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनींही ती स्वीकारली. उलटपक्षीं, 'या दालनांत फिरूं नये' अशी पाटी दूतांसाठीं लावण्याची सोय १९९४ पासून आहे. ही पाटी कधीं कधीं अनवधानानें सबंध घरालाच लागते, म्हणून आधीं ती तपासावी.

दुसरी पायरी नोंदण्याची. आणलेल्या पानाचा विषय कोणता, शब्द कोणते, हें सूचींत टिपलें जातें. मात्र पाहिलेलें प्रत्येक पान टिपलें जाईलच असें नाहीं. आपलें स्थळ नोंदलें गेलें आहे कीं नाहीं हें पाहण्याची सोपी युक्ति आहे. शोधपेटींत रोमन अक्षरांनीं 'साइट' हा शब्द, त्याला चिकटून विसर्गासारखीं दोन टिंबें व लगेच आपल्या स्थळाचा पत्ता लिहावा. नोंदलेलीं पानें समोर येतात. तिसरी पायरी क्रमाची, म्हणजे विचारणाराच्या प्रश्नास योग्य अशीं पानें निवडून वरखालीं मांडण्याची.

सारा वाद या तिसऱ्या पायरीचा. आरंभींच्या यंत्रांची भिस्त मुख्यतः पानावरील शब्दांवर असे; तोच शब्द शंभरदां लिहिणारा लुच्चा मनुष्य त्यांना सहज फसवी. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील लॅरी पेज व सर्गे ब्रिन या विद्यार्थ्यांनीं १९९८ सालच्या आपल्या निबंधांत निराळी कसोटी मांडली. एखाद्या पानाकडे इतर किती आणि कोणत्या योग्यतेचीं पानें बोट दाखवितात, तें मोजावें, असें त्यांचें म्हणणें. संस्कृताच्या विद्यार्थ्यास ही कल्पना परकी वाटणार नाहीं. मल्लिनाथ आपल्या टीकांत शब्दाच्या अर्थासाठीं पुन्हा पुन्हा 'इत्यमरः' म्हणून अमरकोशाकडे बोट दाखवितो. अमरसिंहानें स्वतःच आपल्या कोशाची थोरवी शंभरदां गायिली असती तर त्याला कोण विचारतें? मल्लिनाथासारख्या चिकित्सकानें आधार घेतला, यांत त्याचें वजन आहे. या मोजणीस पेजरँक असें नांव पडलें. आज ती अनेक कसोट्यांपैकीं एक आहे, परंतु तत्त्व टिकून आहे: आपली थोरवी दुसऱ्यानें सांगावी लागते.

हें कळल्यावर त्या हमीची परीक्षा करणें सोपें जातें. पहिल्या क्रमांकाची हमी कोणासही देतां येत नाहीं, असें गूगल स्वतःच स्पष्टपणें सांगतें. पैसे घेऊन तें साध्या निकालांत कोणास वर चढवीत नाहीं. पैसे देऊन मिळते ती जाहिरात, आणि तिच्यावर तशी खूण असते. मग हमी देणारे काय करतात? कांहीं जण भाडोत्री दुवे विकत घेतात, कांहीं एकच शब्द पानभर पेरतात. या क्लृप्त्यांचे दिवस गेले. पानाच्या पोटांत लपवून ठेवण्याची जी बीजशब्दांची यादी असे, तिच्याकडे क्रम लावतांना आपण पाहत नाहीं असें गूगलनें २००९ सालीं जाहीर केलें. २०११ सालीं 'पांडा' नांवाची सुधारणा निःसत्त्व मजकुरावर आली, आणि २०१२ सालीं 'पेंग्विन' ही विकतच्या दुव्यांवर. लबाडी करतो दलाल, आणि शिक्षा होते ती घरच्या संकेतस्थळाला. या धंद्यांत प्रामाणिक व जाणते लोकही आहेत. पण प्रामाणिक मनुष्य हमी देत नाहीं, काय करणार तें आधीं सांगतो.

सूनबाईस मीं सांगितलें, "पैसे देऊं नकोस, त्याऐवजीं एक महिना रोज अर्धा तास आपण बसूं." बसल्यावर दिसलें तें असें. प्रत्येक पानाचें शीर्षक एकच, 'मुखपृष्ठ'! शीर्षक हें सूक्ताच्या प्रतीकासारखें असावें. त्यावरून आंत काय आहे तें कळलें पाहिजे. आतां एका पानाचें शीर्षक 'थालीपिठाची भाजणी, घरीं भाजून दळलेली' असें आहे, दुसऱ्याचें 'उपासाची भाजणी: साबुदाणा, वरी, राजगिरा'. प्रत्येकाखालीं दोन ओळींचें वर्णन वेगवेगळें लिहिलें. गिऱ्हाईक ज्या शब्दांनीं विचारतें तेच शब्द वापरले. 'पारंपरिक पाककलेचा अनमोल ठेवा' असें लिहून कोणी भाजणी शोधीत नाहीं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. सर्व दरपत्रक एका सुंदर चित्रांत रंगविलेलें होतें. चित्रांतील अक्षरें मनुष्य वाचतो, परंतु यंत्रानें तीं नीट वाचावींत असा भरंवसा धरतां येत नाहीं. तो मजकूर साध्या अक्षरांत लिहिला, व चित्रांस त्यांत काय आहे हें सांगणारी लहानशी शब्दओळ जोडली. ती अंध वाचकांच्याही उपयोगी पडते. मराठीस हा धडा विशेष लागू आहे. युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली व तींत देवनागरी होती. तरी पुढें पुष्कळ वर्षें मराठी मजकूर खाजगी टंकांत लिहिला गेला. डोळ्यांना तो देवनागरी दिसे, पण आंतील संकेत रोमन अक्षरांचे असत. असा मजकूर मराठींत विचारणाराच्या हातीं लागत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं अशीं पानें आहेत त्यांनीं तीं युनिकोडमध्यें उतरवून घ्यावींत. नाहीं तर ती विद्या कुलुपांत राहील.

तिसरें, सूनबाईनें आपल्याला खरोखर ठाऊक आहे तें लिहिलें: कोणतीं धान्यें कोणत्या क्रमानें भाजावींत, भाजणी किती दिवस टिकते, कोणत्या भाजणींत गहूं आहे. एका पाककलेच्या स्थळानें त्या पानाकडे आपण होऊन दुवा दिला. बाकीचीं कामें नातवानें केलीं. पान मोबाइलवर नीट दिसावें (गूगलनें २०१५ पासून याचा विचार क्रमांत धरला आहे), तें लवकर उघडावें, व दळणवळण सुरक्षित असावें, इतकीं तीं होतीं. सर्च कन्सोल हें गूगलचें फुकट साधन आहे. कोणत्या शब्दांनीं लोक आपल्यापर्यंत आले तें त्यांत दिसतें.

फळ यास वेळ लागतो. कांहीं फेरफार थोड्या तासांत लागू पडतात, कांहींस महिनेच्या महिने जातात. शिवाय २०२४ पासून गूगल पुष्कळदां कृत्रिम बुद्धीनें रचलेला गोषवारा निकालांच्या वर दाखवितें, आणि विचारणारा तेवढ्यावरच परत फिरण्याचा संभव असतो. आमच्याकडे पांचव्या महिन्यांत अनोळखी गिऱ्हाइकांच्या अकरा मागण्या आल्या. हें कांहीं कुबेराचें भांडार नव्हे. पण वांचलेल्या पैशांतून सूनबाईनें भाजणी भाजण्यास एका गरजू बाईस रोज दोन तास कामास ठेविलें आहे.

ज्यांच्या घरीं असा लहानसा उद्योग असेल त्यांस इतकेंच सांगणें: यंत्र हा सूची लिहिणारा कारकून आहे. त्याला वाचतां येईल असें स्वच्छ लिहावें, पण लिहावें तें गिऱ्हाइकासाठीं. महिन्यांतून एकदां आपलें पान परक्याच्या नजरेनें वाचावें, जुना दर बदलावा, तुटलेला दुवा सांधावा. आणि हमी घेऊन कोणी दारीं आला तर त्याला पाणी द्यावें, पैसे देऊं नयेत.