चव्वेचाळीस वर्षे

हंगेरीच्या उत्तरेला एगर नावाचे गाव आहे आणि गावाच्या उशाशी एक किल्ला. मी तो पाहिलेला नाही. पण गेझा गार्दोन्यीच्या १९०१ सालच्या कादंबरीने, इंग्रजी भाषांतरातून का होईना, त्याचे बुरूज माझ्या ओळखीचे करून टाकले. गार्दोन्यीही तरुणपणी खेड्यातला शाळामास्तर होता. आमचे सूत जुळले ते बहुधा त्यामुळेच.

१५२६ साली मोहाचच्या लढाईत हंगेरीचा राजा गेला, १५४१ मध्ये बुडा तुर्कांच्या हाती पडले आणि उरल्या देशाची राखण सरहद्दीवरच्या किल्ल्यांच्या माळेवर आली. १५५२ मध्ये त्या माळेचे मणी ओघळू लागले. तेमेश्वार पडले, सोल्नोक पडले आणि सप्टेंबरात तुर्की फौज एगरखाली येऊन बसली. बाहेर ३५ ते ४० हजार माणूस; आत बायकामुले धरून सुमारे २,०००.

किल्लेदार इश्तवान डोबो कुमक मागत राहिला. ती आली नाही. ४ ऑक्टोबरला किल्ल्यातलाच दारूचा साठा उडाला. तरी गेर्गेय बोर्नेमिस्सा चाकांत दारू ठासून, ती पेटवून शत्रूवर सोडीतच होता. सव्वा महिन्याने वेढा उठला.

वर्गात ही हकीकत सांगितली की मुले खूश होतात. एका मुलीने मात्र विचारले, "पुढे काय झाले, गुरुजी?"

पुढचे सांगणे जड जाते. राजा किल्ल्याच्या खर्चाला हातभार लावीना, म्हणून डोबोने किल्लेदारी सोडली. बोर्नेमिस्सा तुर्कांच्या हाती लागून १५५५ मध्ये फासावर गेला. १५६९ मध्ये खुद्द डोबोवर राजद्रोहाचा आळ येऊन तो तुरुंगात पडला. आणि १५९६ साली एगर गेलेच. भाडोत्री शिपायांनी ते शत्रूच्या स्वाधीन केले.

"मग लढून काय मिळाले?"

मी फळ्यावर वजाबाकी मांडली. १५९६ उणे १५५२; बाकी ४४. वेढ्यात एखादे मूल जन्मले असेल, तर तेवढ्या अवधीत ते मोठे झाले असेल, त्याचे लग्न झाले असेल, त्याने नातवंडेही खेळवली असतील. आपण विजयाला कायमचा समजतो. तो मिळतो मुदतीने; पण त्या मुदतीत कुणाचा तरी सबंध संसार उरकतो.

डोबोला ही बाकी कुणी काढून दाखवली नाही. १५७२ मध्ये तो सुटला आणि थोड्याच दिवसांत वारला. तेव्हा एगर अजून पडलेले नव्हते.