कवळीची लाज कशाला?

मैत्रिणींनो, ‘कवळी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पेल्यातल्या पाण्यात बुडवून ठेवलेली आजोबांची बत्तीशी! पस्तिशीतल्या बाईला कवळी असेल, असं कुणाच्या मनातही येत नाही. म्हणूनच आज मोकळेपणानं सांगते, माझ्या तोंडात अर्धी कवळी आहे.

दोन वर्षांपूर्वी रिक्षाच्या अपघातात माझे वरचे पुढचे दोन दात गेले. मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. हसताना तोंडावर पदर धरता येईल हो, पण दातांशिवाय दंत्य वर्ण कसे शिकवायचे? सासूबाई हळहळल्या, “अगं, या वयात कवळी? चारचौघांत कळलं तर?” हे म्हणाले, “पक्के दातच बसवून घे, पैशांचं बघू.” पण थोरलीची फीही त्याच महिन्यात भरायची होती.

दंतवैद्यांनी तीन मार्ग नीट समजावून सांगितले. पहिला इम्प्लांटचा, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. हा चांगला, पण सर्वांत महाग आणि वेळखाऊ. दुसरा ब्रिजचा. त्यात शेजारचे दात घासून बारीक करतात व त्यांच्या आधारानं मधले दात कायमचे बसवतात. माझे शेजारचे दात धडधाकट! ते घासायला माझं मन होईना. तिसरा मार्ग अर्ध्या कवळीचा. हिरडीच्या रंगाच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर हवे तेवढेच दात बसवतात आणि तारेचे आकडे शेजारच्या दातांना अडकतात. ही रोज काढता-घालता येते आणि तिघींत स्वस्त. धातूच्या पट्टीची कवळी पातळ व मजबूत असते, पण तिला पैसे जास्त पडतात.

पुढचा दात गेला तर निदान आपण धावपळ करतो. मागची दाढ गेली की म्हणतो, “कुणाला दिसतेय?” पण मोकळ्या जागेकडे शेजारचे दात हळूहळू कलतात, समोरच्या जबड्यातला दात त्या फटीत उतरू लागतो. मग अन्न अडकतं, कीड लागते आणि आणखी दात जातात. ‘बाळंतपणात दात जायचेच’ हेही खरं नाही बरं का! पोटातलं बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेत नाही. त्या दिवसांत हिरड्या सुजतात, उलट्यांच्या आंबटपणानं दात झिजतात आणि ब्रश करायचा कंटाळा येतो, म्हणून दात बिघडतात.

सुरुवातीचे दिवस मात्र कसोटीचे. तोंडात चमचा राहून गेल्यासारखं वाटे, लाळ सुटे, ‘स’ घसरे. रोज संध्याकाळी धाकट्याचं पुस्तक मी मोठ्यानं वाचत असे. दोन आठवड्यांत जीभ वळली. खाताना मऊ पदार्थ, छोटे घास आणि दोन्ही बाजूंनी चावणं, एवढं सांभाळलं. हिरडी दुखली तर घरी कवळी कानशीनं घासू नका. दंतवैद्यांकडे जाण्यापूर्वी काही तास ती घालून ठेवा, म्हणजे नेमकं कुठे टोचतं ते त्यांना दिसतं.

माझं पाहून सासूबाईंनीच एकदा हळूच विचारलं, “माझ्या दाढांचं होईल का गं काही?” त्यांच्या चार दाढा कधीच्या गेलेल्या. भाकरी दुधात कुस्करायची, उसळ बाजूला सारायची आणि “मला आता भूकच नसते” म्हणायचं. भूक होती हो, चावता येत नव्हतं! आता त्या आमच्याबरोबर मटकीची उसळ खातात.

कवळीची निगा सोपी आहे. जेवणानंतर ती काढून चूळ भरा. धुताना खाली पाण्यानं भरलेलं घमेलं ठेवा, म्हणजे हातातून निसटली तरी तुटत नाही. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे. टूथपेस्ट किंवा राखुंडीनं चरे पडतात, उकळत्या पाण्यानं आकार बिघडतो. आकडे ज्या दातांना अडकतात, ते जास्त जपून घासा. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा, हिरड्यांनाही विसावा हवा. घालताना बोटांनी बसवा, चावून दाबू नका. पुढे हिरडी आटते, कवळी सैल होते. तेव्हा ती पुन्हा बेताची करून घ्यावी लागते. म्हणून अधूनमधून दाखवत जा.

आणि हो, मिश्री लावायची सवय असेल तर ती आधी सोडा. तंबाखू हिरड्यांचा वैरी आहे.

घरात मुलांच्या फीचे, ह्यांच्या चष्म्याचे, सासऱ्यांच्या औषधांचे पैसे निघतातच. यंदा भिशीचा नंबर लागला की आपल्या दातांचेही निघू द्या!