सोळा आणे फ्लोट

खंबाटकी घाटाच्या अलीकडचा आमचा खंडाळा. सकाळी डेअरीवर दूध घातलं की काट्यावर लिटर उमटतात, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) सांगतं, पावती हातात पडते. हा सगळा टिंबाच्या आकड्यांचा कारभार. प्रोग्रॅममध्ये टिंब आलं, की फ्लोट हजर होतो. पायथॉनमध्ये ५ लिहा, तो पूर्णांक, ५.० लिहा, फ्लोट जन्मला.

राहायला त्याला बहुधा ६४ घरं, म्हणजे बिट. एक अधिक-उण्याला, ११ टिंब किती सरकवायचं त्याला, उरलेली ५२ आकड्यांना. ही वाटणी १९८५च्या आयईईई ७५४ या प्रमाणानं ठरली. विल्यम काहान या गणितज्ञाचा त्यात मोठा वाटा. एवढ्याशा जागेत तो अणूचं वजन धरतो नि ताऱ्यांमधलं अंतरही. पुण्यात सी-डॅकनं १९९१ साली ‘परम ८०००’ उभा केला. अशा महासंगणकांची ताकद मोजतात तीच मुळी सेकंदाला फ्लोटची किती गणितं होतात यावर.

त्याचा खरा स्वभाव कळतो तो पैशांपाशी. त्याची सगळी मोजदाद निम्म्यानिम्म्याची: अर्धा, पाव, अर्धपाव, आणा. म्हणून गाईच्या दुधाचं ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ त्याला तंतोतंत धरता येतं, ३.६ म्हटलं की तो जवळात जवळचा आकडा घेतो. ०.०६२५, म्हणजे एक आणा, सोळा वेळा मिळवा: चोख एक. ०.१ एकेक करून दहा वेळा मिळवा: ०.९९९९९९९९९९९९९९९९. दोनाच्या पायावर दहावा भाग कधी संपतच नाही. घरं भरली की शेपूट तुटते. पावकी-निमकी म्हणणाऱ्या पिढीशी त्याचं छान जमलं असतं. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर पैसे झाले, त्या हिशेबात तो परकाच.

‘कॉम्प्युटर चुकला’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. १.१ला ३नं गुणलं तर तो ३.३००००००००००००००३ म्हणतो, आणि विचाराल तेव्हा तेच म्हणतो. त्या उत्तराची ३.३शी ‘बरोबर आहे का’ अशी गाठ घालायची नसते. फरक किती बारीक आहे ते पाहायचं असतं.

पहाटे उठून धार काढणाऱ्या बाईचं दहा दिवसांचं बिल मात्र त्याच्या हाती देऊ नये. दूध मिलिलिटरमध्ये, रक्कम पूर्ण पैशांत, दोन्ही पूर्णांक; पैशाचा तुकडा उरला तर तो कुणीकडं वळवायचा हे आधी ठरवून सगळ्यांना सांगावं. फ्लोटला फॅटच्या मशीनपाशी बसवावं. तिथं टिंबानंतरच्या एका आकड्यापलीकडं त्याला कुणी विचारत नाही.