शेकोटीजवळची खुर्ची

मूकपटात मनातले बोलून दाखवता येत नाही, ते डोळ्यांना दिसावे लागते. त्यामुळेच आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९२८ मधील 'द फार्मर्स वाइफ' या चित्रपटात शेकोटीजवळच्या एका खुर्चीला पात्राइतके महत्त्व आले आहे.

मूळ नाटक ईडन फिलपॉट्स यांचे. माउंट अबू येथे १८६२ मध्ये जन्मलेल्या या लेखकाने पुढे इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन परगण्याला आपल्या लेखनाची भूमी मानले. १९१६ मध्ये बर्मिंगहॅमला रंगमंचावर आलेल्या या नाटकाचे १९२४ पासून लंडनमध्ये हजाराहून अधिक प्रयोग झाले. त्याची गंमत बोलीतील संवादांत होती. चित्रपटात मात्र दृश्यांमध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांपुरतीच भाषा उरली आणि बाकीचा भार वस्तूंवर व चेहऱ्यांवर पडला.

सॅम्युएल स्वीटलँड या सधन शेतकऱ्याची पत्नी मरणशय्येवरून घर सांभाळणाऱ्या मिंटाला बजावते, की मालकांचे कपडे ऊब देऊन नीट वाळवीत जा. पुढे मुलीचे लग्न होते, घर सुने वाटू लागते आणि तो पुनर्विवाहाच्या विचाराने संभाव्य वधूंची यादी करतो. ती लिहून घेते मिंटाच. एक दृश्य विरत असताना त्यातच दुसरे उमटवण्याच्या तंत्राने त्या स्त्रिया एकेक करून समोरच्या खुर्चीत अवतरतात. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक जण त्याला नकार देते, आणि बाजारात गाय पारखावी तशा तोऱ्यात गेलेला हा गृहस्थ दर वेळी अधिक चिडून परततो.

तरुणपणी हा चित्रपट पाहणारा या फजितीला हसतो; उतारवयात पुन्हा पाहताना त्याची नजर यादी लिहिणाऱ्या हाताकडे वळते, कारण घरातील रोजच्या माणसाला गृहीत धरण्याची चूक तोवर त्याच्याही हातून घडलेली असते. अखेरीस त्या खुर्चीत कल्पनेतल्या स्त्रिया पुन्हा येऊन जातात, मग मिंटा तिथे येऊन बसते आणि स्वीटलँडला ती प्रथमच दिसते. त्याची निवड एवढ्या वणवणीनंतर झाली. त्याच्या कपड्यांची, म्हणजेच त्याची, काळजी कोणाच्या हाती द्यायची हे जाणाऱ्या पत्नीने मात्र आधीच ठरवून ठेवले होते.