कांद्याचा माल

भर पावसात उघड्यावर कोरडं कसं झोपावं हे मला ज्यांनी शिकवलं, ते स्वतः कधी तंबूत झोपले नव्हते. नाशिकला आडगाव नाक्याच्या पुढे, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून त्यांची टपरी होती. ट्रकच्या ताडपत्र्या शिवायच्या, ठिगळं मारायची, मेण द्यायचं, हा धंदा. नाक्यावर सगळे त्यांना तात्या म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. जन्मभर त्यांनी साखर, सिमेंट, कांदा आणि द्राक्षाच्या पेट्या कोरड्या ठेवल्या. माणूस हा माल त्यांच्याकडे माझ्या रूपानेच पहिल्यांदा आला.

२००९ च्या सुमारास मेहुण्याने अमेरिकेहून सिलनायलॉनचं कापड आणून दिलं. अगदी तलम नायलॉन, त्यात दोन्ही बाजूंनी सिलिकॉन जिरवलेलं. सूत ३० डेनियरचं, म्हणजे ९,००० मीटर सुताचं वजन फक्त ३० ग्रॅम. ३ मीटर लांब-रुंद छत शिवलं तरी अर्ध्या किलोच्या आत. तात्यांच्या सुती ताडपत्रीचा एक चौरस मीटरच जवळपास तेवढा भरायचा. रतनगड-हरिहरच्या बाजूला पाठीवर ओझं घेऊन हिंडणाऱ्याला या फरकाचं मोल वेगळं सांगायला नको.

ते कापड मी टपरीवर नेलं. तात्यांनी त्याला तोंड लावून जोरात फुंकून पाहिलं. हवा पलीकडे गेली नाही. मग चार खिळ्यांना अडकवून त्याची झोळी केली, तीत लोटाभर पाणी ओतलं आणि खाली वर्तमानपत्र पसरून म्हणाले, "उद्या या." सकाळी पेपर कोरडा होता. "कापड पास झालं, भाऊ. आता भोकं बघू."

भोकं म्हणजे सुईची. सुती ताडपत्रीत सुती दोरा ओला झाला की फुगतो आणि आपलं भोक आपणच बुजवतो. नायलॉनमध्ये पॉलिएस्टरचा दोरा फुगत नाही, भोक तसंच राहतं. बाजारातल्या तंबूच्या पिशवीवर ३,००० मिमी असा आकडा दिमाखात छापलेला असतो. तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब कापड सोसतं, एवढाच त्याचा अर्थ. शिवणीबद्दल तो आकडा चकार शब्द काढत नाही, आणि गळते ती शिवणच. हे विकणाऱ्याने सांगायला हवं, पण ते सांगितलं ताडपत्रीवाल्याने.

त्यांच्या मशीनची सुई या कापडाला फार जाड, म्हणून शिलाई माझ्या घरच्या मशीनवर झाली, ११ नंबरच्या सुईने. टाचण्यांना मनाई, कारण प्रत्येक टाचणी म्हणजे नवं भोक. त्याऐवजी कागदाच्या क्लिपा. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वर दोन टिपा मारायच्या, जीन्सच्या पायाला असतात तशा, आणि घडीचं तोंड उताराच्या बाजूला ठेवायचं. कोपऱ्यांना तिहेरी ठिगळ, कारण सगळी ओढ तिथेच येते.

मेण मात्र या कापडावर धरेना. सिलिकॉनवर सिलिकॉनच चिकटतं. तात्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून बाथरूमच्या फटीत भरतात ती पारदर्शक सिलिकॉनची नळी आणली. ते टर्पेंटाइनमध्ये कालवून पातळ केलं आणि रंगाच्या ब्रशने प्रत्येक टिपेवर ओढलं. टपरीभर व्हिनेगरचा वास सुटला. बाहेर उभा असलेला क्लीनर लोणचं कुठे सांडलं ते विचारून गेला. रात्रभर वाळल्यावरही शिवण किंचित चिकट राहिली, तेव्हा तिच्यावर शंखजिऱ्याची पूड चोळली. नाहीतर गुंडाळून ठेवलेलं छत उलगडताना पदर पदराला सोडत नाही.

त्यांना खरी गंमत वाटली ती पुढे. सुती कापड आणि सुती दोर ओले झाले की आखडतात, म्हणून पाऊस येण्याआधी दोर थोडे सैल करायचे, ही त्यांच्या हाताची सवय. आम्ही उरलेली एक पट्टी बादलीत बुडवून मोजली, तर ती लांबली होती! नायलॉन पाणी पिऊन सैल पडतं. म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर उठून तणावे पुन्हा ओढायला हवेत. "आमच्या उलट," असं म्हणत त्यांनी ती पट्टी पुन्हा पुन्हा ताणून पाहिली. साठीच्या पुढचा माणूस आपल्याच धंद्यातलं नवं काही सापडलं म्हणून इतका खूश झालेला मी दुसरा पाहिला नाही.

गाठी ट्रकच्याच. दोरीच्या मध्यात फासा पाडायचा, टोक खुंटीमागून फिरवून त्या फाशातून ओढायचं; हाताचा जोर तिप्पट होतो, निदान कागदावर. घाटमाथ्यावरच्या कातळात खुंटी शिरत नाही. तिथे दोरी लहान दगडाला बांधायची आणि त्याच्या पुढे, छताच्या बाजूला, मोठा धोंडा ठेवायचा. ओढ आली की लहान दगड धोंड्याला अडतो. दोरीवरून ओघळणारं पाणी आत येऊ नये म्हणून छताबाहेर एक चिंधी बांधायची, पाणी तिच्यावरून खाली टपकतं.

छत जमिनीपासून किती उंच बांधायचं, हे ठरवण्याआधी त्यांनी विचारलं, "यात माल कोणता?"

"मी."

"मग कांद्याचा."

साखरेला एक थेंब चालत नाही, म्हणून ताडपत्री चारी बाजूंनी आवळतात. लासलगावचा कांदा तसा आवळला तर वाटेतच घाम येऊन सडतो. वरून झाकायचं आणि बाजूने वारा खेळता ठेवायचा. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि कातडीतून पाव लिटरच्या आसपास पाणी सोडतो. बंद छताखाली तेच आतून थेंब होऊन अंगावर पडतं आणि लोक छत गळतं म्हणून बोंब मारतात. म्हणून वाऱ्याची बाजू जमिनीला टेकवायची, दुसरी हातभर उचलायची. इगतपुरीकडचा वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस मी नंतर याच हिशोबाने काढला.

पैसे त्यांनी घेतले नाहीत. एकदा पाकीट ठेवून आलो तर ते नाक्यावरच्या चहावाल्याकडे माझ्या नावाने जमा झालं, आणि पुढे कितीतरी दिवस माझा चहा फुकट. तोवर निळ्या-पिवळ्या प्लास्टिकच्या ताडपत्र्या आल्या होत्या. त्या कुणी शिवत नाही, फाटल्या की टाकतात. काही वर्षांनी टपरी उठली आणि तात्या सिन्नरकडे गावी गेले.

त्यांनी माझ्याकडून घेतलं ते उरलेलं कापड, तेही मागून. तात्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, दरवर्षी त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जातात. त्या कापडाचं त्यांनी काकूंना डोक्यावरून पाठीपर्यंत येणारं पांघरूण माझ्याच मशीनवर शिवलं, समोरून मोकळं. पुढच्या ज्येष्ठात फोन आला. दिंडीतल्या आणखी चौघींना तसंच हवंय. कापडाचे पैसे त्या देणार. शिवायचं मी, कारण हे कापड माझ्याच मशीनला मानवतं. मापं विचारली तर म्हणाले, "लुगड्यावरून बसलं पाहिजे, आणि टाळ वाजवायला हात सुटे राहिले पाहिजेत."