कॅम, गिअर आणि पिकअप

मिशिगनला नोकरीसाठी आलो आणि इथल्या जुन्या गाड्यांचं वेड लागलं. बरीच वर्षं पैसे साठवून 1969 ची शेव्हरोले कॅमॅरो घेतली. 350 क्युबिक इंचाचं व्ही-8 इंजिन, टर्बो-हायड्रामॅटिक 350 हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आधीच्या मालकाने इंजिनात मोठा कॅमशाफ्ट बसवला होता. उभ्या गाडीचा तो धडधडाट मला फार आवडायचा.

पण गाडीला पिकअप नव्हता. सिग्नल सुटला की ती अडखळत निघायची. गिअरमध्ये उभी असताना मधूनच बंद पडायची. ब्रेकचं पेडल जड लागायचं. त्याची मला भीती वाटायची, मुलांना गाडीत घेत नव्हतो. एका गॅरेजने कार्ब्युरेटर बदलून दिला. पैसे गेले, फरक शून्य.

मग ओळखीच्या एका निवृत्त मेकॅनिकने व्हॅक्यूम गेज लावला. काटा 11 इंचांच्या आसपास थरथरत होता. मूळच्या कॅमवर तो 18 च्या जवळपास स्थिर राहतो. ब्रेकचा बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो, म्हणून पेडल जड. गिअरबॉक्सचा मॉड्युलेटरही त्यावरच चालतो. व्हॅक्यूम कमी पडला की गिअर उशिरा आणि झटक्याने पडतात.

नंतर त्याने कॅमचं कार्ड पाहिलं. 0.050 इंच लिफ्टला 230 अंश ड्युरेशन. असा कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवतो. वरच्या आरपीएमला जोर वाढतो, खाली दम राहत नाही. आमच्या इंजिनाला 2500 नंतर जोर यायचा. मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो मात्र 3.08 आणि टॉर्क कन्व्हर्टर मूळचा, कमी स्टॉलचा, म्हणजे कमी आरपीएमलाच गाडी ओढू लागणारा. गाडी सुटायची ती जोर नसलेल्या आरपीएममध्येच.

छोटा कॅम घालणं स्वस्त पडलं असतं. पण तो आवाज सोडवेना. म्हणून 3.73 चे गिअर, 2800 स्टॉलचा कन्व्हर्टर, ॲडजस्ट होणारा मॉड्युलेटर आणि ब्रेकसाठी इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप बसवला.

शेवटी गिअर कधी पडावा ते ठरवलं. पहिला गिअर 2.52, दुसरा 1.52. 4500 ला गिअर पडला की इंजिन 2700 वर येतं, म्हणजे जोर जिथे सुरू होतो तिथेच. गिअरबॉक्समधल्या गव्हर्नरच्या स्प्रिंगा बदलून पूर्ण ॲक्सिलरेटरवर गिअर 5600 ला पडेल असं केलं. आता इंजिन 3400 वर उतरतं आणि गाडी खेचत राहते. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा तेवढं सोसतील, याची खात्री आधी केली होती.

याची किंमतही आहे. ताशी 60 मैलांना पूर्वी 2400 आरपीएम असायचे, आता 2900 होतात. पेट्रोल जास्त लागतं. कन्व्हर्टर जास्त तापतो, म्हणून गिअरबॉक्सच्या ऑइलला वेगळा कूलर लावला. स्पीडोमीटर वीसेक टक्के जास्त वेग दाखवू लागला, त्याचा छोटा गिअर बदलावा लागला.

अशी गाडी घेणाऱ्यांनी आधी कॅमचं कार्ड मागावं, गेज लावून व्हॅक्यूम बघावा, अ‍ॅक्सलचा रेशो विचारावा. नवा कॅम घालायचा असेल, तर गिअर आणि कन्व्हर्टरचा खर्च त्यातच धरावा. तेवढे पैसे नसतील, तर छोटा कॅमच बरा.