अंतर कशाने मोजावे?

आमचे वडील शाळेत भूगोल शिकवीत. आमचे धाकटे बंधू नोकरीनिमित्त न्यूयॉर्कला जावयास निघाले, त्या दिवशी वडिलांनी कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढला, मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत एक सूत ताणून धरले आणि ते आईस म्हणाले, "बघ, एवढेच तर आहे!" सूत अरबस्तानावरून नीट पश्चिमेस जाईल, असा आम्हां इंग्रजीच्या प्राध्यापकांचा तर्क. ते तर वायव्येस चढत आइसलंडवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी गेले! सपाट नकाशावरील सरळ रेघ गोल पृथ्वीवर जवळची वाट नसते, हे आम्हांस चाळिशी उलटल्यावर असे कळले.

त्या सुताची लांबी सुमारे १२,५५० किलोमीटर. मध्ये न थांबणाऱ्या विमानास जाताना सोळा तासांच्या आसपास लागतात. येताना उंचावरील पश्चिमी वारे पाठीशी असल्याने थोडा वेळ वाचतो. एखाद्या देशाचे आकाश बंद झाले, जसे २०२२ मध्ये अनेक पाश्चात्त्य विमान कंपन्यांस रशियाचे झाले, म्हणजे सूत वाकडे धरावे लागते, एवढेच. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या, त्या ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवसांचे सोळा तास झाले, हे आम्ही वर्गात मोठ्या अभिमानाने सांगत असू.

पुढे एका पावसाळ्यात वडिलांस हृदयविकाराचा झटका आला. "त्याला उगाच घाबरवू नका," असे ते म्हणाले आणि आम्हांसही ते सोयीचे वाटले. तिकडे रात्र असेल, त्याची रजा शिल्लक नसेल, तिकीट महाग पडेल, उद्या बरे वाटले तर धावपळ व्यर्थ जाईल, अशी एकेक सबब काढीत आम्ही दोन दिवस घालविले. तिसऱ्या दिवशी दूरध्वनी केला. बंधू मिळेल त्या विमानाने निघाले. वाटेत विमान बदलणे, विमानतळावरील खोळंबा आणि मुंबईतील तुंबलेले रस्ते धरून दारापासून दारापर्यंत त्यांस तीस तास लागले. ते उंबरठ्यावर आले तेव्हा वडिलांस जाऊन सहा तास झाले होते.

बंधूंनी कोणास दोष दिला नाही. रात्री फक्त म्हणाले, "दादा, परवाच कळवले असतेस तर!"

आम्ही हिशेब मांडला. परवा कळविले असते, तर पितापुत्रांस बेचाळीस तास मिळाले असते. आनंदीबाई अमेरिकेत असता घरचे पत्र त्यांच्या हाती पडावयास आठवडे लागत. तो दोष समुद्राचा होता. आमच्या हाताशी तर यंत्र होते, क्षणात आवाज पोहोचविणारे. विमानाने आपले काम चोख केले. उशीर झाला तो आमच्या माजघरात.

पृथ्वीगोल आता आमच्या टेबलावर असतो. घरात कोणास साधा ताप आला, तरी आम्ही बंधूंस त्याच दिवशी कळवितो. ते हसतात. हसोत बापडे.